आतून घातलेले टाके

संग्रहालयात सगळे त्यांना टाकेबाई म्हणत. नव्याने आलेल्या माणसाला ते आडनावच वाटे. मग पगारपत्रकात ते शोधून शोधून तो थकला, की कुणीतरी हसत सांगे, "अहो, त्या टाके घालतात म्हणून टाकेबाई. खरं नाव त्यांनाही आठवावं लागतं."

तळमजल्यावर मागच्या बाजूला दुरुस्तीची खोली होती. उत्तरेला मोठी खिडकी, खिडकीशी लांबलचक टेबल, टेबलावर वाकवता येणाऱ्या दांडीचं भिंग आणि एक भिंत भरून छोटे छोटे खण. खणांत रंगांप्रमाणे लावलेले दोरे. पांढऱ्याचेच सव्वीस प्रकार होते आणि टाकेबाईंना ते अंधारातही बोटांनी ओळखता आले असते. तीस वर्षं त्या तिथे बसून मरायला टेकलेलं कापड जगवत होत्या. फाटलेली निशाणं, कसरीने चाळण केलेले डगले, कुठल्याशा नाटक कंपनीचा पडदा, खुर्च्यांची विरलेली मखमल. कामाचा नियम एकच. आपण घातलेला प्रत्येक टाका उद्या दुसऱ्या कुणाला उसवता आला पाहिजे आणि उसवल्यावर मूळ कापडाला कळताही कामा नये की कुणी येऊन गेलं.

घरी त्या आणि त्यांची नणंद, अशा दोघीच. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. नणंद लग्नाच्या भानगडीत कधी पडलीच नाही. टपाल कचेरीत खिडकीमागे बसून तिने उभा जन्म काढला. भाऊ गेला त्या महिन्यात ती दोन ट्रंका घेऊन दारात उभी राहिली. "हिला एकटी ठेवली तर ही भिंतींनाही रफू करील," असं शेजाऱ्यांना सांगून तिने मुक्काम ठोकला तो कायमचा. दोघींचं दिवसभर काही ना काही वाजे आणि एकीवाचून दुसरीचं पान हलत नसे. नणंदेला सुईत दोरासुद्धा ओवता येत नव्हता आणि याचा तिला अभिमान होता.

थंडी सरता सरता एक दिवस हाडवाले डॉक्टर खोलीत आले. त्यांनी जन्मात जिवंत माणसाची नाडी पाहिली नव्हती. वरच्या मजल्यावर जुन्या हाडांचा अभ्यास करत म्हणून ते डॉक्टर. त्यांच्या मागोमाग दोन हमालांनी एक चपटं लाकडी खोकं आणलं.

"टाकेबाई, आधी बसून घ्या. मग बघा."

खोक्यात कातडं होतं. जवळजवळ काळं पडलेलं, कडांना सुरकुतलेलं. दूरच्या डोंगरात एका गुहेत, बर्फाच्या थराखाली ते सापडलं होतं. डॉक्टरांच्या माणसांनी ते महिनाभर दमट हवेत ठेवून हळूहळू उलगडलं होतं. ती पिशवी निघाली. गुडघे पोटाशी घेऊन माणूस बसला तर सहज मावेल एवढी. एका कडेने खालून वरपर्यंत आणि पुढे तोंडावरून वळून शिवण गेली होती. वेगळ्या डबीत कापसावर एक सुई होती. करंगळीएवढी, हाडाची, पिवळट. तिचं नेढं इतकं बारीक होतं की टाकेबाईंनी भिंग ओढून घेतलं.

"केवढी जुनी?"

"तेव्हा शेती नव्हती. मडकं नव्हतं. चाक तर दूरच."

"मडकं नव्हतं आणि सुई होती?"

"होती," डॉक्टर म्हणाले. "माणूस शिवायला कसा शिकला यावर आम्ही लोक पानंच्या पानं लिहितो. आमच्यातल्या एकालाही शिवता येत नाही. तुम्ही नुसतं बघून सांगा, हे कसं शिवलंय. आणि मग तशाच कातड्याची, तशाच सुईने एक प्रत करून द्या. मांडायला."

टाकेबाई अकरा दिवस नुसत्या बघत होत्या. सुई हातात धरली नाही. सकाळी येत, हातमोजे चढवत, भिंग ओढत आणि एका भोकावरून दुसऱ्या भोकावर सरकत. कातड्यात सुई जिकडून घुसते तिकडे भोकाची कड दबते आणि जिकडून निघते तिकडे ती ओठासारखी वर येते. त्यावरून त्या टाक्यांची दिशा वाचत होत्या. बाराव्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना बोलावलं.

"हे एकाचं काम नाही. दोघं होती."

"कशावरून?"

"आतून बाहेर घातलेला प्रत्येक टाका सरळ आहे. जिथे हवा तिथे, एका झटक्यात. बाहेरून आत आलेला टाका बघा. तिरका. भोक चुकलंय, पुन्हा टोचलंय, इथे तर तीनदा टोचलंय. एकाच माणसाचा हात एका टाक्याला शहाणा आणि पुढच्याला वेडा कसा असेल?"

डॉक्टर भिंगावर वाकले. टाकेबाई बोलत राहिल्या. त्यांची आई तंबूच्या कारखान्यात होती. मोठ्या तंबूचं जाड कापड लाकडी घोड्यांवर ताणलेलं असे. आई वर बसे आणि सात-आठ वर्षांच्या टाकेबाई खाली. आईने वरून दाभण खुपसली की हिने ती खालून ओढायची आणि दोन दोरे सोडून परत वर सारायची. दिवसभर आईचं तोंड दिसत नसे. दिसे ते फक्त कापडातून येणारं दाभणीचं टोक.

"तसंच आहे हे," त्या म्हणाल्या. "एक आत, एक बाहेर. आणि पुढे बघा. खाली बाहेरचा हात अगदी अडाणी आहे. अर्ध्यावर त्याला समज आलीय. वर तोंडापाशी पोचेपर्यंत दोन्ही हात सारखे. मलाही वेगळे काढता येत नाहीत. ही शिवण नाही डॉक्टर, ही शिकवणी आहे. इथे कुणीतरी शिवायला शिकलंय."

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्यांनी चष्मा पुसला. "म्हणजे शिकवणारा आत बसला होता आणि शिकणारा बाहेर."

"हो. आणि शेवटची गाठ आत आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे पिशवी पुरती शिवून झाल्यावर आतल्याने आतच गाठ मारलीय. तो बाहेर पडायला कापायला हवं ना कुठेतरी? मी सगळं कातडं तपासलं. घडीवर झिजून पडलेलं दोन बोटांएवढं भोक सोडलं, तर एक काप नाही. शिवण अखंड आहे." त्या थांबल्या. "उलगडलीत तेव्हा आत काय होतं?"

"काही नाही."

"हाडं?"

"हाडं असती तर ती मला दिसली नसती का, टाकेबाई?" डॉक्टर हसायला गेले, पण हसू ओठांवरच राहिलं. "रिकामी होती. त्या भोकातून आरसा घालून पाहिलं, आत फक्त ती सुई होती."

खिडकीबाहेर माळी पालापाचोळा ओढत होता. त्याच्या खराट्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

प्रत करायला दोन महिने लागले. कातडी कमावणाऱ्याकडून टाकेबाईंनी स्वतः निवडून दोन कातडी आणली. दोऱ्यासाठी जनावराच्या पाठीतली शीर वाळवून, कुटून, तिचे तंतू सोडवले. ते ओठांत धरून ओले करायचे आणि मांडीवर वळायचे. हाडाच्या सुया घासताना पाच मोडल्या, सहावी टिकली. चाकूकात्री वापरायची नाही असं ठरलं होतं. कापायला गारगोटीचं एक पातं होतं, तेवढंच.

राहिला बाहेरचा हात. डॉक्टरांनी दोन हुशार मदतनीस देऊ केल्या, दोघी शिवणकाम शिकलेल्या. टाकेबाईंनी नकार दिला.

"मला अजिबात न येणारं माणूस हवंय. माझ्या घरी आहे."

"मी?" नणंद त्या संध्याकाळी म्हणाली. "वहिनी, मी टपालाची तिकिटं चिकटवली आहेत जन्मभर. माझ्या हाताला थुंकी माहीत आहे, सुई नाही."

"म्हणूनच तर वन्सं. तुम्हाला शिकवायचं नाही. सुई बाहेर आली की ती परत आत द्यायची, बस्स."

"आणि टोचली तर?"

"तर ओरडा. मी आतच आहे."

सोमवारी संग्रहालय बंद असे, म्हणून काम सोमवारी चाले. खालची शिवण पहिल्या दोन सोमवारांत झाली. टाकेबाई कातड्यात पाय दुमडून बसत, डोकं बाहेर. नणंद स्टुलावर बसून तक्रारी करत सुई परत देई. तिचे टाके इतके वाकडे पडत की मूळ पिशवीशी ते हुबेहूब जुळले. डॉक्टर खूश होते.

तिसऱ्या सोमवारी सकाळी कातडं डोक्यावरून घ्यायचं होतं. डॉक्टर वर आपल्या खोलीत काम करत बसले होते. "शेवटी वीतभर उघडं ठेवा हं, श्वासाला," असं तीनदा सांगून गेले होते. टाकेबाई आत बसल्या आणि नणंदेने वरून कातडं ओढून घेतलं. खिडकीतलं ऊन कातड्यातून गाळून आत येत होतं, तांबूस, डोळे मिटून सूर्याकडे पाहावं तसं. चरबीचा आणि धुराचा वास होता. बाहेरचे आवाज जाड झाले होते.

"वहिनी, जिवंत आहात का?"

"सुई आली बघा."

"आली, आली. कुठे घालू?"

"हाताला विचारा."

सुई परत आली, दोन बोटं चुकून. टाकेबाईंनी ओढली, तंतू ताणला, पुढचा टाका बाहेर सारला. पुन्हा परत आली, तिरकी. नणंद काहीतरी बोलत होती, शेजारणीच्या सुनेबद्दल. शब्द कळत नव्हते, नुसता सूर. चौदा टाके तसे गेले. मग पंधरावा परत आला तो सरळ.

टाकेबाईंच्या मनात आलं, चला, बाईला जमलं. पुढचा त्यांनी मुद्दाम जरा वर सारला. तोही परत आला, अगदी बरोबर अंतरावर. आता कुठे बोट चाचपडल्याची कातड्यावर खूण नव्हती, दोनदा टोचणं नव्हतं. त्यांनी बाहेर दिलेली सुई श्वास घेऊन सोडेपर्यंत आत येत होती. हात वेग धरू लागला. आईबरोबर तंबूखाली बसताना एखाद्या दुपारी असं व्हायचं, दोघींचा एकच हात व्हायचा, आणि तेव्हा सुई कोण ढकलतंय हेच कळेनासं व्हायचं. टाकेबाईंना इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"वन्सं, हात बसला की तुमचा! उगाच नाही म्हणत होतात."

उत्तर आलं नाही. रागावल्या असतील, किंवा लक्ष लागलं असेल. सरळ आलेल्यांतला सहावा, सातवा, आठवा. नववा टाका टाकेबाईंनी बाहेर सारला आणि त्याच वेळी दुरून, खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून, दार करकरलं.

"आले हो, आले! दोन मिनिटांत येते म्हणून गेले आणि तो पहारेकरी सोडेच ना. चहा करून दिलाय त्याने. वहिनी? हात आखडून बसला असाल ना बिचाऱ्या!"

सुई बाहेर होती. टाकेबाई कातड्याकडे बघत राहिल्या. तांबूस उजेडात ना सावली होती, ना कुठे बोटाचा दाब. "वन्सं," त्या कशाबशा म्हणाल्या, "तुम्ही कुठे आहात?"

"दारात. दोन्ही हातांत कप आहेत, दार पायाने लावतेय."

दार लागलं. आणि नाकासमोर कातडं किंचित फुगलं, सुईचं टोक आत आलं, सरळ, बरोबर अंतरावर, आणि वाट बघत थांबलं.

टाकेबाईंनी सुई ओढून घेतली. तंतू ताणला. वर अजून दोन विती उघडं होतं, तिथून आढ्याचा तुकडा दिसत होता. तोंड वर करून हाक मारली असती तर नणंद धावत आली असती. त्यांनी हाक मारली नाही. त्यांनी पुढचा टाका बाहेर सारला.

नणंद पाठमोरी होती. टेबलावर कप ठेवल्याचे दोन आवाज आले. ते येईपर्यंत सुई परत आत आली होती.

"वन्सं," टाकेबाई म्हणाल्या, "पातं घ्या आणि समोरून कातडं कापा. शिवण नको, कातडं कापा. लवकर."

नणंदेने कापलं. घामाने निथळलेली वहिनी पाहून तिने डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडली, तिला खिडकीशी बसवलं, दोन्ही कप चहा तिलाच पाजला. "श्वास कोंडला," एवढंच टाकेबाई म्हणाल्या. स्टुलाभोवती फरशीवर काही नव्हतं. कातड्याचे चार कपटे होते, ते सकाळचेच.

दुपारी डॉक्टरांनी प्रत भिंगाखाली घेतली. शेजारी मूळ पिशवीचं तोंड ठेवलं. बराच वेळ इकडून तिकडे बघून त्यांनी भिंग रुमालाने पुसलं आणि पुन्हा बघितलं.

"हे वरचे दहा. बाहेरून आलेले, मूळ तोंडाशी टाक्याला टाका जुळणारे. हे तुमच्या वन्संनी घातले?"

"त्या चहा आणायला गेल्या होत्या."

डॉक्टरांनी मान वर केली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग डॉक्टर वर निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आले तेव्हा त्यांची दाढी वाढलेली होती.

"ते दहा टाके उसवून टाकू या का?"

"उसवते की," टाकेबाई म्हणाल्या. पण ते उसवेनात. बाकीचे टाके सुईच्या टोकाने सहज सैल होत होते. या दहांचे तंतू वाळून कातड्यात असे मुरले होते की ते वेगळे काढायचे तर कातडंच काढावं लागलं असतं. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या टेबलावर न उसवणारी शिवण होती. त्यांनी सुई खाली ठेवली. समोरचा काप त्यांनी कातड्याचं ठिगळ लावून बुजवला. वरचं तोंड दोन विती उघडं होतं, ते तसंच ठेवलं. डॉक्टरांनी अदबीने सुचवून पाहिलं की मूळ पिशवी पूर्ण बंद आहे, प्रतही तशी झाली तर बरं. टाकेबाईंनी साफ नाही म्हटलं. पिशवी काचेच्या पेटीत गेली तशीच, अर्धवट. पाटीवर डॉक्टरांनी लिहिलं, "दोन व्यक्तींनी केलेले काम." त्यात खोटं काही नव्हतं.

नणंदेला यातलं काही माहीत नव्हतं. तिला दिसलं ते एवढंच की वहिनी बदलल्या. रफू करताना कापड उभं धरून सुई पलीकडे सारली की त्या क्षणभर थांबतात आणि मग हात मागे नेऊन ती आपणच ओढतात. घरात उशांचे अभ्रे त्या तिन्ही बाजूंनी शिवत आणि चौथी बाजू तशीच सोडत. नाडी नाही, बटण नाही. रोज सकाळी उशी पलंगाखाली आणि अभ्रा हातात. पाच महिने नणंदेने हे सोसलं. सहाव्या महिन्यात एका रविवारी, जेवणं आटोपल्यावर, तिने अभ्रा टाकेबाईंच्या पुढ्यात टाकला.

"वहिनी, हा बंद करा, नाहीतर काय झालंय ते सांगा. दोन्हीपैकी एक."

टाकेबाईंनी सांगितलं. सगळं, क्रमाने, आवाज न चढवता. नणंद मध्ये एकदाही बोलली नाही; हेही त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

"नऊ टाके कळलं नाही, हे मान्य," ती शेवटी म्हणाली. "मी आहे असंच वाटलं तुम्हाला. पण मी दारातून बोलले, सुई आत आली, तुम्हाला सगळं कळलं. मग दहावा टाका का घातलात?"

टाकेबाई अभ्र्याची कड बोटांनी चाचपत राहिल्या.

"घाबरले होते हो. पण ती सुई आत येऊन थांबली ना, ती कशी थांबली ते तुम्ही पाहायला हवं होतं. लहानपणी मी खालून दाभण वर सारून, बरोबर दिली का म्हणून थांबायचे, तशी थांबली होती. बरोबर आहे का, एवढंच विचारत होती. शिकत होतं कुणीतरी, वन्सं. अर्ध्यात हात कसा काढायचा?"

"आणि मूळ पिशवीतला? आतला? तोही असाच थांबला नसेल ना, एक टाका आणखी, एक टाका आणखी करत?"

नणंद उठली. तिने आतल्या खोलीत जाऊन दिवा लावला, भर दुपारी, आणि परत आली ती सुयांचा डबा घेऊन.

"मला शिकवा," ती म्हणाली. "पण माझ्या समोर बसून. तुमचं तोंड दिसलं पाहिजे आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत."

शिकवणी चार दिवस चालली. बुधवारी नणंदेने अंगठ्यात सुई मोडून घेतली, गुरुवारी डबा कपाटावर टाकला आणि जाहीर केलं की टपाल खात्याच्या माणसाला हे शोभत नाही. अभ्र्याची चौथी बाजू निम्मी शिवून झाली होती. टाके वेडेवाकडे होते, आणि टाकेबाईंनी तो अभ्रा आपल्या उशीला घातला.